उताराची पिवळी कड

गणवेशबाईंच्या नजरेच्या मधोमध डाग पडला तेव्हा त्या एकोणसत्तर वर्षांच्या होत्या. डाग पडल्याचं त्यांनी वर्षभर कोणालाही कळू दिलं नाही. पस्तीस वर्षं त्यांनी तीन शाळांचे गणवेश शिवले होते. त्यांचं खरं नाव फार थोड्यांना माहीत होतं, आणि ज्यांना माहीत होतं तेही गणवेशबाईच म्हणायचे. सुईत दोरा ओवता येईना तेव्हा चष्म्याचा नंबर वाढलाय म्हणून त्यांनी वेळ मारून नेली. मग टीप वाकडी जायला लागली, तर मशीन जुनं झालंय म्हणाल्या. शेवटी एका मुलाच्या शर्टाचे दोन्ही खिसे एकाच बाजूला लागले. मुलाच्या आईने तो हसत हसत परत आणून दिला. बाईही हसल्या, खिसा उसवून जागेवर लावून दिला आणि त्याच संध्याकाळी दुकानाचं शटर ओढलं ते ओढलंच.

त्यांना एकच लेक. ती हॉस्पिटलच्या प्रयोगशाळेत रक्त तपासायची. ती त्यांना डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेली. डॉक्टरीणबाईंनी सरळ सांगितलं की मधलं दिसणं गेलंय, ते परत यायचं नाही. कडेचं राहील. समोर माणूस उभा राहिला तर त्याचं तोंड दिसणार नाही, पण कान दिसतील.

"कान दिसून काय करू?" बाई म्हणाल्या. "मला काय कोणाचे कान पिळायचेत?"

लेकीने त्यांना आपल्या घरी आणलं. तिचा नवरा एका नर्सरीत कामाला होता. रोपं वाढवायची, लोकांच्या अंगणात नेऊन लावायची, छाटणी करायची, हे त्याचं काम. बाईंना हा जावई नापसंत होता असं नाही, पण पसंत होता असंही छातीठोकपणे म्हणता आलं नसतं. त्यांच्या डोळ्यांसमोर कडक इस्त्रीच्या कॉलरचा कोणीतरी होता. हा पहिल्यांदा घरी आला तो नखांत माती घेऊन. चौदा वर्षं दोघांचं बोलणं हवा आणि तब्येत या दोन विषयांपलीकडे गेलं नव्हतं. तो त्यांना आई म्हणायचा, त्या त्याला अहो-जाहो करायच्या, आणि दोघंही एकमेकांच्या वाटेत येणार नाहीत अशा बेताने वागायची. घरात राहायला आल्या त्या दिवशी बाई लेकीला म्हणाल्या, "घरजावई ऐकले होते. घरसासू मीच पहिली." हे जावयाने ऐकलं आणि तो न ऐकल्यासारखं करून त्यांची ट्रंक उचलायला गेला.

घर उतारावरच्या गल्लीत होतं, अगदी वरच्या टोकाला. दारातून बाहेर पडलं की उजव्या हाताला घरांची रांग आणि डाव्या हाताला कमरेइतका खोल नाला. रस्ता आणि नाला यांच्यामध्ये अडीच हात रुंदीची मातीची पट्टी, तिच्यात गवत माजलेलं. कठडा नव्हता. चाळीस पावलं उतरलं की वळण, आणि वळणावर लोकरीचं दुकान. ते चालवणारी लोकरवाली ही बाईंची मैत्रीण. दोघींची दुकानं पूर्वी शेजारी शेजारी होती. बाई रोज दहाला तिच्याकडे जायच्या, चहा घ्यायच्या, लोकरीच्या लडी सोडवून गुंडे करून द्यायच्या, सगळ्या गावाची उणीदुणी काढायच्या आणि साडेअकराला परत यायच्या. त्यांच्या दिवसाला तेवढाच आकार होता.

पहिलं वर्ष त्या सवयीच्या जोरावर चालल्या. मग एका ढगाळ सकाळी रस्ता राखाडी, माती राखाडी आणि नालाही राखाडी झाला, आणि पाय कडेवरून गेला. नाल्यात पाणी घोट्याएवढंच होतं, पण डावं मनगट मोडलं. लोकरवालीच्या नवऱ्याने त्यांना वर काढलं.

लेक घाबरली. घाबरली की ती कडक व्हायची. तिने सांगून टाकलं की यापुढे आपण किंवा आपला नवरा सोबत असल्याशिवाय आईने उंबरा ओलांडायचा नाही. दोघंही पाचशिवाय घरी येत नसत. त्यामुळे सोबत म्हणजे रविवार. कठड्यासाठी तिने अर्ज दिला. नकाशात ती गल्ली कोणत्या विभागात येते हे आधी ठरायला हवं, असं उत्तर आलं. ते अजून ठरायचंय.

बाई खिडकीशी बसायला लागल्या. तक्रार केली नाही. जेवण मात्र कमी झालं, आणि लोकरवाली भेटायला आली तरी त्या दोन शब्दांत उत्तरं द्यायच्या. लोकरवालीने जाताना जावयाला दारात गाठून सांगितलं, की बाई गप्प बसली म्हणजे समज काहीतरी बिघडलंय, मी तिला चाळीस वर्षं ओळखते.

मनगटाचं प्लास्टर निघाल्यानंतरची गोष्ट. जावयाच्या कामाच्या एप्रनचा खिसा फाटला होता. तो त्याने स्वतःच टाके घालून शिवायचं ठरवलं आणि बाईंकडे काळा दोरा मागितला. बाईंनी रिळांचा पत्र्याचा डबा आणला आणि टेबलावर रिकामा केला. दीडदोनशे रिळं असतील. त्या एकेक रीळ उचलून मान तिरकी करून बघत होत्या. काळं म्हणून त्यांनी त्याला तीन रिळं दिली. एक निळं होतं, एक तपकिरी, एक गर्द हिरवं. तो तपकिरी दोऱ्याने खिसा शिवायला बसला. पण शिवता शिवता त्याच्या लक्षात आलं, की शोधताना बाई काही रिळं बाजूला सारत होत्या. ती एका रांगेत उभी होती. सात रिळं होती आणि सातही पिवळी.

"ही कशी ओळखलीत, आई?"

"पिवळा दिसतो हो," बाई म्हणाल्या. "बाकी सगळ्यांची राख झालीये. पिवळा तेवढा अजून हाक मारतो."

दुसऱ्या दिवशी कामावर जाताना जावई गल्लीत पाच मिनिटं थांबला. पुढच्याच रविवारी त्याने रस्त्याच्या कडेला पिवळ्या रंगाचा पट्टा मारला. कड फुटकी होती, रंग धड बसला नाही, आणि पहिल्याच पावसात त्यावर गाळ आला. मग त्याने झेंडूच्या कुंड्या मांडल्या. त्या बाईंना लख्ख दिसायच्या. दोन महिने बरं चाललं, मग थंडी पडली आणि एका रात्रीत झेंडू काळे पडले. बाईंनी त्याला एवढंच विचारलं, की तुमची पिवळी फुलं कुठे गेली. त्यांना त्या कुंड्या कशासाठी होत्या हे कळलं होतं. त्यालाही कळलं, की यांना कळलंय. तरी दोघांनी विषय काढला नाही.

नर्सरीत मागच्या रांगेत सोनेरी पानांच्या जुनिपरच्या कुंड्या चार वर्षं पडून होत्या. एका हॉटेलने मागवून नेल्या नव्हत्या. बुटकं, जमिनीलगत पसरणारं झुडूप, सुयांसारखी बारीक पानं, फूल नाही, त्यामुळे गिऱ्हाईक तिकडे बघत नसे. मात्र पानं बाराही महिने अंगावर, आणि रंग पिवळा. जावयाने मालकाकडे सोळा मागितली. मालक म्हणाला, ने बाबा, जागा तरी मोकळी होईल.

थंडी सरता सरता, माती मोकळी झाल्यावर, त्याने लागवड सुरू केली. पट्टीतली माती चिकट होती. जुनिपरला पाण्यात पाय ठेवून उभं राहणं सोसत नाही, मुळं कुजतात. म्हणून त्याने प्रत्येक खड्ड्यात खडी आणि वाळू मिसळली आणि रोप आजूबाजूच्या मातीपेक्षा बोटभर उंच बसेल असं बघितलं. बाई दारात स्टुलावर बसून आवाज ऐकत होत्या. थोड्या वेळाने त्यांनी विचारलं की याचं नाव काय.

"जुनिपर. सदाहरित असतं."

"सदाहरित, आणि रंग पिवळा?"

"पानं गळत नाहीत म्हणून सदाहरित. रंगाचं वचन कोणी दिलं नव्हतं."

पहिलं रोप कुंडीतून काढलं तर मुळांचं गोल गोल वेटोळं झालेलं. चार वर्षं जागा न मिळाल्याने मुळं कुंडीच्या भिंतीशीच फिरत राहिली होती. तशीच लावली असती तर ती मातीत शिरली नसती. जावयाने सुरी काढली. बाईंनी हात पुढे केला.

"कापू नका. उसवायचं काम माझं. द्या इकडे."

त्यांनी तो मातीचा गोळा मांडीवर घेतला आणि बोटांनी चाचपत एकेक मूळ सोडवलं. एकही तुटलं नाही. सोळा रोपांना दुपार गेली. संध्याकाळी त्यांनी हात धुताना नखं घासली तरी माती निघेना. जेवताना एकदा त्या स्वतःची बोटं डोळ्यांच्या कडेने न्याहाळून गालात हसल्या.

वाद झाला तो अंतरावरून. त्याने दोन झुडपांमध्ये चांगलं अडीच पावलांचं अंतर ठेवलं होतं. बाईंना वाटलं, मधे मोठमोठी भोकं राहिलीत. एवढं सैल माप कशाला, म्हणाल्या.

"वाढत्या अंगाचं आहे, आई."

हे वाक्य बाईंचं होतं. पस्तीस वर्षं त्यांनी ते प्रत्येक आईबापाला ऐकवलं होतं. त्या मोठ्याने हसल्या. त्या घरात आल्यापासूनचं ते पहिलंच तसलं हसणं होतं. लेक आतून बघायला आली, काय झालं म्हणून.

झुडपांनी पहिलं वर्ष खालीच घालवलं, म्हणजे मुळांत. वर फारसं काही दिसलं नाही. दुसऱ्या वसंतात प्रत्येक शेंड्याला नवी पालवी फुटली, हळदीसारखी पिवळी. रस्त्याच्या काळपट कडेला ती रांग उठून दिसायला लागली. रविवारी जावई बाईंना घेऊन उतरायचा. हात धरायचा नाही, नुसता मागे चालायचा. नजर समोर ठेवली की झुडपं डाव्या कडेने दिसतात, थेट बघायला गेलं की नाहीशी होतात, हे बाईंनी स्वतःच शोधून काढलं. त्या मोजत जायच्या.

उन्हाळ्याच्या अखेरीस त्या एकदा मधेच थांबल्या. "दहा आहेत," म्हणाल्या. "पुढची काढलीत का?"

काढली नव्हती. अकरावं ते सोळावं हिरवी झाली होती. जावयाने वर बघितलं. समोरच्या दंतवैद्याच्या अंगणातलं अक्रोडाचं झाड गल्लीवर पार नाल्यापर्यंत पसरलं होतं. सोनेरी जुनिपरचा रंग उन्हावर असतो. दिवसातून पाच-सहा तास ऊन नाही मिळालं तर ते मरत नाही, हिरवं होऊन बसतं. हे त्याला झोपेतून उठवलं तरी सांगता आलं असतं. पण त्याने लागवड केली ती अक्रोड निष्पर्ण असताना. वीस वर्षं माळीकाम केलेल्या माणसाने खड्डा खणताना वर बघितलं नव्हतं. आणि पट्टी सगळ्यात अरुंद आणि नाला सगळ्यात खोल होता तो नेमका याच सहा झुडपांपाशी.

ही चूक त्याने बाईंपाशी कबूल केली. बाई म्हणाल्या, दोन्ही खिसे एका बाजूला लावण्यापेक्षा बरी आहे.

तो दंतवैद्याकडे गेला. झुडपं सावलीने हिरवी पडताहेत, गल्लीकडच्या चार फांद्या काढल्या तर बरं होईल, असं सांगितलं. दंतवैद्य सभ्य माणूस. त्यांनी सभ्यपणेच नकार दिला. झाडाखालच्या बाकावर त्यांचे पेशंट बसायचे. उन्हाळ्यात तेवढाच गारवा. तो महिन्याने पुन्हा गेला, पुन्हा तेच. घरी येऊन जेवताना म्हणाला, की याला दात उपटायला दोन मिनिटं लागतात, फांदीला मात्र हात लावू देत नाही. लेकीने सांगितलं की आता पुरे, तू खूप केलंस, रविवारी आपण आईला नेतोच आहोत. बाई पाणी पीत होत्या.

दुसऱ्या दिवशी दोघं कामावर गेली. दहाच्या सुमारास बाईंनी पायात बूट घातले, दार ओढून घेतलं आणि एकट्या बाहेर पडल्या.

पहिली दहा झुडपं सोपी गेली. डाव्या कडेला पिवळं येत होतं, जात होतं, पुन्हा येत होतं. दहाव्यानंतर सगळं मळकट झालं. त्या थांबल्या. परत फिरणं सहज शक्य होतं. नंतर त्यांनी लोकरवालीला सांगितलं, की भीती खरंच वाटली, पण परत फिरून खिडकीशी जाऊन बसायची जास्त वाटली. त्या वाकल्या, डावा हात खाली केला. तळव्याला सुया टोचल्या. अकरावं. एव्हाना झुडपं इतकी पसरली होती, की दोघांमधलं अंतर एका पावलाचंच उरलं होतं. त्या हात टोचवत टोचवत, अर्ध्या वाकून, एका झुडपावरून दुसऱ्यावर गेल्या. समोर दंतवैद्याचं पांढरं फाटक डोळ्याच्या कोपऱ्यात आलं तशा सरळ झाल्या आणि रस्ता ओलांडला.

तिथे त्यांनी रीतसर नंबर लावला. बाकावर बसून आपली पाळी येईपर्यंत थांबल्या. बाक खरंच गार होता, हेही त्यांनी मनात नोंदवलं. आत बोलावल्यावर खुर्चीत बसल्या. दंतवैद्यांनी दिवा लावला आणि कोणता दात दुखतोय ते विचारलं.

"दात जागच्या जागी आहेत. मी तुमच्या झाडाचं दुखणं घेऊन आलेय."

मग त्यांनी सगळं सांगितलं. डाग, नाला, मनगट, पिवळा रंग, चाळीस पावलं. आवाज चढवला नाही, गयावयाही केली नाही. शिवणाचं गिऱ्हाईक आलं की माप सांगायच्या तसं सांगितलं. दंतवैद्यांनी दिवा बंद केला.

"तुमचे जावई दोनदा आले होते," ते म्हणाले. "झुडपं हिरवी पडतात एवढंच म्हणाले. मला वाटलं, शोभेचं काहीतरी असेल. तुम्हाला दिसत नाही हे त्यांनी सांगितलंच नाही."

बाई म्हणाल्या, "नाही सांगायचे ते."

दंतवैद्यांना त्यांच्या तळव्यावरचं रक्त दिसलं. त्यांनी कापसाने ते पुसलं, औषध लावलं. लहानपणी माझी विजार तुम्ही दरवर्षी दोन बोटं उतरवून द्यायचात, असं काहीतरी ते बोलले. बाईंना ते आठवत नव्हतं, पण आठवतंय म्हणाल्या. दोघं बाहेर येऊन झाडाखाली उभी राहिली. बाक झाडाच्या अलीकडे आणि गल्ली पलीकडे. गल्लीकडच्या खालच्या फांद्या गेल्या तरी बाकाची सावली जात नव्हती. हे दंतवैद्यांना आतापर्यंत सुचलं नव्हतं, कारण त्यांनीही कधी वर बघितलं नव्हतं. थंडीत पानं गळाली की फांद्या काढायच्या, असं ठरलं. ते स्वतः बाईंना घरापर्यंत सोडायला आले.

संध्याकाळी लेकीने आईचा तळवा बघितला. सगळं ऐकून घेतलं आणि ती नवऱ्यावर घसरली. तिचं म्हणणं, ही सगळी याची करणी. झुडपं लावली नसती तर आईच्या डोक्यात एकटीने जायचं आलंच नसतं. "दिवसभर लोकांचं रक्त बघते मी," ती म्हणाली. "घरी येऊन आईचं बघायचं?" जावई ऐकून घेत होता. त्याला वाटत होतं, ती म्हणते त्यात तथ्य आहे.

"त्यांना बोलू नकोस," बाई म्हणाल्या. "मी गेले ती माझ्या पायांनी." मग त्या जावयाकडे वळल्या, म्हणजे त्याचा चेहरा डोळ्याच्या कडेला येईल इतकी मान फिरवली. "तुम्ही दंतवैद्यांना माझ्या डोळ्यांचं का नाही सांगितलंत?"

"ते तुम्ही सांगायचं होतं, आई. मी कोण सांगणारा?"

लेक स्वयंपाकघरात गेली. बराच वेळ भांड्यांचा आवाज येत राहिला, मग थांबला.

थंडीत जावई करवत घेऊन अक्रोडावर चढला. शिडी दंतवैद्यांनी धरली. तो प्रत्येक फांदी आधी खालून थोडी कापायचा, मग वरून, म्हणजे साल सोलवटत खाली येत नाही. बाई फाटकाशी उभ्या राहून फांद्या पडल्याचा आवाज मोजत होत्या. पाच झाल्यावर त्यांनी वर बघून सांगितलं, की आता पुरे, बाकावर ऊन येईल. त्यांना वर काय दिसत होतं कोण जाणे, पण अंदाज बरोबर होता.

झुडपांचं लगेच काही झालं नाही. जुनी हिरवी पानं हिरवीच राहिली. जुनिपरला खसकन आतपर्यंत छाटून नवा रंग मागता येत नाही. आतल्या उघड्या लाकडाला पुन्हा पालवी फुटत नाही. थांबावंच लागतं. वसंतात शेंडे फुटले तेव्हा अकरा ते पंधरा या पाचांचे शेंडे पिवळे निघाले. सोळाव्यावर वळणावरच्या भिंतीची सावली होती, ते हिरवंच राहिलं. जावयाला ते उपटून दुसरीकडे हलवायचं होतं. बाई नको म्हणाल्या. पिवळं संपलं की वळण आलं, एवढं मला पुरे.

लेकीचा धीर त्यानंतरही होत नव्हता. तिने एका दिवशी रजा घेतली आणि आईला ते सांगितलं नाही. दहाला बाई निघाल्या तशी ती मागे निघाली. पावलं वाजू नयेत म्हणून चपला हातात घेतल्या होत्या. वीसेक पावलांचं अंतर ठेवून ती बघत राहिली. आई ताठ चालत होती. मान किंचित उजवीकडे, म्हणजे झुडपं डाव्या कडेला येत राहतील. पाय एकदाही पट्टीकडे गेला नाही. समोरून सायकलवाला आला तर ती थांबली, तो गेल्यावर पुन्हा निघाली. बाराव्या झुडपापाशी आई मागे न बघता म्हणाली, "पायात घाल काहीतरी. खडे बोचतील."

लेक तिथेच झुडपालगत मटकन बसली आणि चपला घालता घालता रडली. आई पुढे गेली होती. त्या दिवसापासून लेकीने दहाच्या फेरीचा विषय काढला नाही.

चार वर्षांत झुडपं एकमेकांना भिडली. गुडघ्याएवढी सलग पिवळी कड झाली, नाल्यावरही झुकली. गल्लीतली मुलं तिच्यापाशी चेंडू अडतो म्हणून खूश होती. जावई वर्षातून एकदा रस्त्यावर आलेले शेंडे हाताने खुडायचा. एखादी फांदी सावली नसतानाही अचानक हिरवीगार निघाली तर ती बुडापासून काढायचा, कारण हिरवी फांदी जोमाने वाढते आणि पिवळीला दाबून टाकते. बाईंची नजर आणखी उतरली. पिवळा आता रांग म्हणून दिसायचा, एकेक झुडूप म्हणून नाही. मोजणं बंद झालं होतं, चालणं नाही.

डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंना हे तपासणीच्या वेळी कळलं. त्यांच्या दवाखान्याला लांब उतरण होती, दोन्ही बाजूंनी मोकळी माती. त्यांनी जावयाला काम दिलं. तो बाईंना नर्सरीत घेऊन गेला. तिथे आता सोनेरी जुनिपरच्या तीन जाती होत्या. त्याने तिन्हींच्या कुंड्या काळ्या ताडपत्रीवर उन्हात मांडल्या. बाई पलीकडून चालत आल्या, दोनदा फिरल्या आणि दोन जाती बाद केल्या. मालक म्हणाला, अहो, ही पण सोनेरीच आहे, पाटीवर लिहिलंय.

"पाटी मला दिसत नाही," बाई म्हणाल्या. "झाडही दिसत नाही. मग सोनेरी कसली?"

दवाखान्यापाशी लागवड चालली होती तेव्हा बाई नेहमीप्रमाणे मांडीवर मुळं सोडवत बसल्या होत्या. तपासणीला आलेले एक म्हातारे गृहस्थ शेजारी येऊन टेकले आणि काय चाललंय ते विचारू लागले. पूर्वी ते घड्याळं दुरुस्त करायचे. बाईंनी त्यांना पिवळ्या रंगाचं सांगितलं. घड्याळजींनी त्या दिशेला बराच वेळ बघितलं.

"मला नाही दिसत," ते म्हणाले. "पिवळा तर पहिला गेला. निळसर काही असलं तर कळतं."

बाईंचे हात थांबले. आपल्याला दिसतं ते सगळ्यांना दिसेल, असं त्या चार वर्षं धरून चालल्या होत्या. त्यांनी गुडघ्यावरची माती झटकली आणि जावयाला हाक मारली.

"अहो, ह्यात निळसर मिळतं का?"

"मिळतं की. निळ्या-राखाडी पानांचं जुनिपर असतं."

"मग डावी बाजू खणू नका अजून," बाई म्हणाल्या, आणि घड्याळजींना विचारलं, की त्यांना नर्सरीत यायला कोणता वार सोयीचा पडेल.